एका वर्तुळात किती त्रिकोण?

मी इतिहासाचा शिक्षक. गणिताच्या तासाला माझे काय काम, असे कोणी विचारील. तरीही या स्मरणिकेत एक मत मांडतो: सूत्र पाठ करून घेण्याआधी मुलांना स्वतः मोजू द्यावे.

आपल्या करमाडच्या मैदानावर खुंटीला २५ फुटांची दोरी बांधून फक्कीने वर्तुळ आखा. तिन्ही कोपरे परिघावर टेकतील आणि तिन्ही बाजू पूर्ण फुटांत भरतील, असे निरनिराळ्या मापांचे त्रिकोण किती? काटकोन त्रिकोण शिकलेला विद्यार्थी ३०-४०-५० आणि १४-४८-५० सांगून थांबतो. पण ३०-३०-४८, ४०-४०-४८ आणि १४-३०-४० हेही त्याच वर्तुळात बसतात. सहावा मात्र नाही. बाजूचा वर्ग २५०० मधून वजा केल्यावर पूर्ण वर्ग किंवा शून्य उरावे लागते. अशा लांबी १४, ३०, ४०, ४८ आणि ५० एवढ्याच, आणि त्यांतून हेच पाच त्रिकोण जुळतात. दोरी ५ फुटांची घेतली, तर ६-८-१० हा एकच मिळतो.

पडताळ्याचा नियम ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये दिला: दोन बाजूंच्या गुणाकाराला तिसऱ्या बाजूवरील लंबाच्या दुपटीने भागावे, परिवर्तुळाची त्रिज्या येते. तिला त्याने ‘हृदयरज्जू’ म्हटले. १४-३०-४० मध्ये ४० वरील लंब ८.४, ४२० ला १६.८ ने भागले की २५.

हे गणित आपल्या भागाला परके नव्हते. कन्नडचा घाट उतरल्यावर चाळीसगावजवळ पाटण लागते. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचे तेथील तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख सांगतो. त्या मठात कोणाची मुले बसली असतील? वर्णव्यवस्थेने ज्यांना अक्षर नाकारले, त्यांची खचितच नव्हे. १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादेत महाविद्यालय उघडले, तेव्हा उच्च शिक्षणाचे दार आपल्यासाठी खुले झाले.

परीक्षेत सूत्रालाच गुण मिळतात, ही पालकांची चिंता खरी आहे. पण दोन काटकोन त्रिकोणांवर थांबलेली मोजणी अपुरी आहे, हे ज्याने स्वतः पडताळले, तो पुढे कोणाचीही मोजणी डोळे मिटून मान्य करणार नाही. ज्यांच्या पूर्वजांना कोणी गणतीत धरले नाही, त्या मुलांना ही सवय लागलीच पाहिजे.

म्हणून दोरी त्यांच्या हाती द्यावी, आणि पाचवा त्रिकोण सापडेपर्यंत शिक्षकाने गप्प राहावे.