विमानभाड्याचा युक्तिवाद

परोपकाराच्या शुद्धतेची ज्यांना अहोरात्र चिंता असते, परंतु त्या चिंतेपोटी ज्यांच्या खिशाला सहसा तोशीस पडत नाही, अशा एका विद्वान गृहस्थांनी परवा एका व्याख्यानात, मुलांच्या संस्थांसाठी पर्वत चढून निधी गोळा करणाऱ्या मंडळींवर यथेच्छ कोरडे ओढले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : आफ्रिकेतल्या किलिमांजारोवर कोणी चढल्याने कोणत्याही निराधार बालकाच्या मुखात घास पडत नाही, चढणाऱ्याची हौस फिटते, त्याचे छायाचित्र निघते, आणि भार मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वर्गणीवर पडतो, सबब ज्याला मुलांचा खरा कळवळा आहे त्याने विमानाचे भाडे थेट मुलांच्या हवाली करावे आणि आपण घरी बसावे. यावर टाळ्या पडल्या, हे सांगायला नकोच. घरी बसण्याचा उपदेश आपल्या समाजात कधी अप्रिय झाल्याचे ऐकिवात नाही.

५८९५ मीटर उंचीचे शिखर आणि आजारी मूल यांचा संबंध काय, हा त्यांचा पहिला प्रश्न. १९२१ साली मुंबईत दोन प्रतिस्पर्धी नाटकमंडळ्यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त ‘मानापमान’ उभे केले, तेव्हा धैर्यधराच्या पदांचा आणि स्वराज्याचा कार्यकारणभाव सिद्ध झाल्याखेरीज तिकीट घेणार नाही, असे म्हणून कोणी खिडकीपाशी अडून बसल्याची नोंद आमच्या वाचनात नाही. निधी उभारण्याचे निमित्त आणि निधीचा विनियोग या दोन बाबी भिन्न असतात, हे ज्याला कळत नाही त्याने सार्वजनिक कार्याच्या जमाखर्चावर मतप्रदर्शन न केलेले बरे. २००९ च्या मार्चमध्ये ब्रिटनमधील नऊ लोकप्रिय गायक-निवेदक ‘कॉमिक रिलीफ’साठी याच पर्वतावर चढले आणि त्यातून तीस लाख पौंडांहून अधिक रक्कम उभी राहिली, तिचे उद्दिष्ट आफ्रिकेतील मलेरियाचे निवारण हे होते. त्या खंडात मलेरियाने दगावणाऱ्यांत बहुसंख्या पाच वर्षांखालील बालकांची असते. शिखरावरच्या बर्फात डास नसतो हे आम्हांसही ठाऊक आहे. तो पायथ्याच्या सखल मुलुखात असतो, आणि मच्छरदाण्याही तेथेच लागतात.

पण व्याख्यात्यांचा जीव खरोखर अडकला आहे तो विमानभाड्यात, आणि हा युक्तिवाद वरकरणी इतका सोज्वळ आणि आतून इतका पोकळ आहे की त्याचा समाचार सविस्तर घेणे प्राप्त आहे. भाडे मुलांना द्या, असे म्हणणारा मनुष्य एक गोष्ट निमूटपणे गृहीत धरतो, ती ही की किलिमांजारोला न गेलेल्या माणसाची रक्कम आपोआप अनाथालयाच्या दप्तरी जमा होते. आम्ही तर असे पाहतो की न गेलेल्या माणसाची रक्कम महाबळेश्वरी जाते, दिवाणखान्यातल्या नव्या कोचात जाते, फार झाले तर बँकेत मुदतठेव होऊन पडते. दरसाल लक्षावधी सुस्थित गृहस्थ किलिमांजारोला जात नाहीत. तेवढ्या न-जाण्याचे भाडे मुलांना पोचते झाले असते, तर एव्हाना वर्गणी मागण्याचे कारणच उरले नसते. ज्यांनी ज्यांनी हा उपदेश केला, त्यांनी आपल्या न केलेल्या प्रवासाची एखादी पावती तरी दाखवावी.

बरे, क्षणभर असे मानू की एखाद्या सत्पुरुषाने खरोखरच भाडे संस्थेला देऊन टाकले. मग काय झाले? एक देणगी जमा झाली, एक पावती फाटली, आणि विषय संपला. तोच मनुष्य चढायला निघतो तेव्हा कचेरीतले सहकारी, चाळीतले बिऱ्हाडकरू, शाळूसोबती, दूरची आत्या, एवढेच नव्हे तर ज्याच्याशी त्याचे वर्षानुवर्षे बोलणे नाही तो सख्खा चुलतभाऊसुद्धा, यादीवर आपापला आकडा घालतो. बियाणे दळून त्याच्या भाकरी का केल्या नाहीत, असे पेरणाऱ्याला विचारण्यासारखाच हा प्रश्न आहे. शिवाय मागणे ही किती अवघड गोष्ट आहे, याची व्याख्यात्यांना कल्पना नसावी, कारण त्यांनी कोणासाठी काही मागितल्याचे कोणाला स्मरत नाही. मध्यमवर्गीय माणसाची जीभ ‘द्या’ म्हणताना टाळ्याला चिकटते. परंतु ज्या उंचीवर हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो तेथे आपण स्वतः जाणार आहोत, एवढे सांगता आले की त्या मागण्याला अधिकार प्राप्त होतो. कष्टाने दानाला वजन येते, हे आपल्या लोकांना कोणी शिकवावे लागत नाही, पंढरपूरला एस. टी. जाते हे ठाऊक असूनही आळंदीहून माणसे पायीच निघतात. ज्यांना साहेबी प्रमाणाखेरीज काही पटत नाही त्यांच्यासाठी हेही नमूद करतो की क्रिस्टोफर ओलिव्होला आणि एल्डार शफीर या दोघा संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात असेच आढळले, की वनभोजनापेक्षा पाच मैल धावण्याच्या उपक्रमाला लोक स्वतःच्या पदरचे अधिक द्यायला तयार होतात.

हा विमानभाड्याचा संप्रदाय आमच्या जुन्या परिचयाचा आहे. एका गावच्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळात, इमारतफंडासाठी पावतीपुस्तके छापावीत की नाहीत यावर आम्ही एकदा दोन बैठका घालविल्या. छपाईचा खर्च म्हणजे फंडाचा अपव्यय, तोच पैसा थेट इमारतीत घाला, असा एका काटकसरी सभासदांचा आग्रह होता आणि तो बहुमताने मान्य झाला. पुस्तके छापली नाहीत, म्हणून वर्गणी झाली नाही. वर्गणी नाही, म्हणून इमारत नाही. छपाईचा खर्च तेवढा वाचला, आणि वार्षिक अहवालात त्याबद्दल त्या सभासदांचे आभारही मानण्यात आले.

बाकीचे आक्षेप किरकोळ आहेत. चढणाऱ्याला कीर्तीचा लोभ असतो म्हणतात. असेल, पण देवळाच्या पायऱ्यांवर कोरलेली दात्यांची नावे पुसून मग या विषयाला हात घालावा. हमालांची मजुरी बुडते ही तक्रार मात्र खरी आणि गंभीर आहे, परंतु ती केवळ हौसेसाठी चढणाऱ्यांनाही तितकीच लागू पडते, आणि त्यांच्याविरुद्ध व्याख्यान झालेले नाही.

आता आमचे म्हणणे. पर्वताने दिलेली प्रसिद्धी ही एक मिळकत आहे आणि ती मुलांच्या नावे करून देता येते, याचा सर्वांत ठळक दाखला एडमंड हिलरींचा. २९ मे १९५३ रोजी तेनसिंगांसह एव्हरेस्टवर पोचलेल्या या गृहस्थांनी १९६० साली हिमालयन ट्रस्ट स्थापला. पुढच्याच वर्षी खुमजुंग गावी शेर्पांच्या मुलांसाठी शाळा उभी राहिली, १९६६ साली खुंदे येथे रुग्णालय झाले. १९७५ साली काठमांडूजवळच्या विमान अपघातात त्यांची पत्नी आणि धाकटी कन्या दोघी गेल्या, तरीही ते काम थांबले नाही. हिलरी मूळचे न्यूझीलंडमधले मधमाश्या पाळणारे. व्याख्यात्यांचा सल्ला मानून त्यांनी प्रवासाचे भाडे टपालाने नेपाळला पाठविले असते आणि आपण मधमाश्यांपाशी बसले असते, तर खुमजुंगला त्या रकमेत फार तर पाट्यापेन्सिली आल्या असत्या, आणि त्या कोणत्या पत्त्यावर पाठवाव्यात हेही त्यांना कळले नसते.

दोन अटी मात्र आम्ही घालू. काही मोहिमांत जमलेल्या निधीतूनच चढणाऱ्याच्या प्रवासाचा खर्च वळता केला जातो, तो प्रकार बंद व्हावा. भाडे, वाटाड्या आणि हमालांची पूर्ण मजुरी त्याने स्वतःच्या पदरची भरावी. दुसरे, संस्थेकडे पोचलेल्या रकमेचा हिशेब वर्गणीदारांना छापील मिळावा. पुढच्या वेळी कोणी तरुण असली यादी घेऊन आपल्या दारी आला, तर वाचकहो, त्याला हे दोनच प्रश्न विचारा, आणि उत्तरे समाधानकारक असतील तर त्याला उंबऱ्यावर फार वेळ तिष्ठत न ठेवता आपला आकडा घाला.