विमान अंगावर पडले तर

28 जून 2018 रोजी जुहूहून चाचणीसाठी उडालेले 'किंग एअर' जातीचे छोटे विमान भर दुपारी घाटकोपरच्या जागृतीनगरात कोसळले. विमानातले दोन वैमानिक आणि दोन अभियंते गेले, आणि रस्त्याने चाललेला एक माणूसही गेला. सात वर्षांनी, 12 जून 2025 ला, अहमदाबादेत एअर इंडियाचे बोइंग 787 बी. जे. मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहावर पडले. विमानातल्या 242 पैकी 241 जण मृत्युमुखी पडले आणि जमिनीवरचे 19. मेसमध्ये ताटावर बसलेली, उद्या डॉक्टर होणारी मुले त्यांत होती.

या दोन्ही अपघातांत विमानातल्यांबद्दल पुष्कळ लिहिले गेले. जमिनीवर मेलेल्यांच्या हक्काबद्दल मात्र फारसे कोणी बोलले नाही. आपल्या देशात विमानाखाली सापडून मेलेल्या माणसाच्या कुटुंबासाठी भरपाईचा वेगळा कायदा नाही. ही उणीव जुनी आहे आणि ती राहू देणे हा अन्याय आहे.

विमा नाही असे कोणी समजू नये. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार विमान कंपनीला प्रवासी, सामान, माल, कर्मचारी, स्वतः विमान आणि तिऱ्हाईताची हानी या सगळ्यांचा विमा ठेवावाच लागतो. विमानाच्या सांगाड्याची किंमत पॉलिसी घेतानाच ठरलेली असते. विमान पूर्ण नष्ट झाले की ती रक्कम फारशी घासाघीस न होता मिळते. युद्ध आणि घातपात यांसाठी वेगळी पॉलिसी लागते. एवढी मोठी जोखीम एका कंपनीला पेलत नाही, म्हणून भारतीय विमा कंपन्या तिचा मोठा भाग लंडनसारख्या बाजारांतल्या पुनर्विमा कंपन्यांकडे सोपवतात. अहमदाबादच्या अपघाताचे एकूण दावे सुमारे 47.5 कोटी डॉलरपर्यंत जातील, असा अंदाज सरकारी पुनर्विमा कंपनी 'जीआयसी री'च्या प्रमुखांनी तेव्हा वर्तवला होता. त्यात विमान आणि इंजिनांचे साडेबारा कोटी, बाकीचे माणसांच्या आणि तिऱ्हाइतांच्या दायित्वाचे. म्हणजे पैशाची तजवीज आहे.

अडचण पुढे आहे. दायित्वाचा विमा कंपनीचे कायदेशीर देणे भागवतो. देणे किती, ते कशावरून ठरवायचे, कोणाकडे मागायचे हे कायद्याने सांगावे लागते. प्रवाशाच्या बाबतीत कायदा ते सांगतो. 1999 चा माँट्रियल करार भारताने 2009 मध्ये स्वीकारला आणि 1972 च्या हवाई वाहतूक कायद्यात त्याची तरतूद केली. आंतरराष्ट्रीय प्रवासात प्रवासी दगावला तर एका ठरावीक मर्यादेपर्यंत कंपनीला 'आमची चूक नव्हती' असे म्हणताच येत नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबी चलनात, म्हणजे एसडीआरमध्ये, मोजली जाणारी ही मर्यादा 28 डिसेंबर 2024 पासून 1,51,880 एसडीआर झाली. रुपयांत पावणेदोन कोटींच्या थोडी वर. त्यापलीकडची मागणी असेल तर आपला हलगर्जीपणा नव्हता हे कंपनीने सिद्ध करायचे, वारसांनी नव्हे. दावा प्रवाशाच्या कायमच्या वास्तव्याच्या देशातही लावता येतो.

म्हणून प्रवाशाचे सगळे सुरळीत होते असेही नाही. मंगळूरला 22 मे 2010 रोजी एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान धावपट्टी ओलांडून दरीत गेले, 158 माणसे गेली. प्रत्येक मृतामागे ती ठरावीक रक्कम किमान म्हणून द्यायचीच, की वारसांनी आपले नुकसान रुपया रुपया दाखवायचे, यावर केरळ उच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींनी वारसांच्या बाजूने कौल दिला आणि खंडपीठाने तो फिरवला. एका मृत प्रवाशाच्या कुटुंबाला सर्वोच्च न्यायालयाने 7 कोटी 64 लाख रुपये मंजूर केले, ते 2020 च्या मे महिन्यात. अपघाताला तेव्हा दहा वर्षे होत आली होती. तरीही त्या कुटुंबाजवळ बोट ठेवायला एक कायदा होता, एक कलम होते.

मेसमध्ये जेवणाऱ्या मुलाच्या आईवडिलांजवळ ते नाही. मुलाने तिकीट काढलेले नव्हते, त्यामुळे माँट्रियल करार त्याला लागू नाही. त्यांनी दिवाणी न्यायालयात जायचे तर आधार आहे तो 1855 च्या प्राणघातक अपघात कायद्याचा. राइट बंधू जन्मायच्या आधीचा हा कायदा आहे. त्याखाली दावा लावायचा तर मुदत दोन वर्षे, कोर्ट फी मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात, आणि हलगर्जीपणा सिद्ध करण्याचा भार साधारणपणे दावा लावणाऱ्यावर. अवशेष आणि ब्लॅक बॉक्स असतात सरकारी तपास यंत्रणेच्या ताब्यात, आणि तिच्या अहवालाचा उद्देश पुढचे अपघात टाळणे हा असतो, दोष ठरवणे नव्हे. मग वीज मंडळातल्या कारकुनाने किंवा शेतकरी बापाने इंजिनाची चूक सिद्ध करायची कशी? वकील सर्वोच्च न्यायालयाच्या 1986 च्या एम. सी. मेहता निकालातले निरपवाद दायित्वाचे, म्हणजे चूक सिद्ध न करताही भरपाई देण्याचे, तत्त्व पुढे करतील, करावेच. पण ते न्यायालयाने मान्य करेपर्यंत किती वर्षे जातील?

अहमदाबादच्या बाबतीत टाटा समूहाने प्रत्येक मृतामागे एक कोटी रुपये जाहीर केले आणि एअर इंडियाने जमिनीवरच्या मृतांच्या कुटुंबांनाही 25 लाखांची अंतरिम मदत दिली. हे चांगलेच झाले. पण उद्या एखाद्या छोट्या चार्टर कंपनीचे विमान कुर्ल्याच्या चाळीवर पडले तर मागे टाटा नसतील. दुसऱ्याच्या औदार्यावर कोणाची भरपाई अवलंबून असू नये.

ही चूक कुठे झाली तेही दिसते. ब्रिटनने 1920 मध्ये हवाई वाहतुकीचा कायदा केला तेव्हा एकाच कलमात दोन गोष्टी घातल्या. वाजवी उंचीवरून विमान गेले एवढ्यावरून जमीनमालकाने अतिक्रमणाचा दावा लावू नये. पण विमानामुळे किंवा त्यातून पडलेल्या वस्तूमुळे खाली कोणाची हानी झाली, तर चूक सिद्ध न करताही भरपाई मिळेल. विमानाला मोकळीक दिली तेव्हाच खालच्या माणसाला संरक्षणही दिले. भारतात 1934 चा विमान कायदा आला तेव्हा त्याच्या 17 व्या कलमात पहिला अर्धा भाग आला, दुसरा आलाच नाही. परक्या सरकारचे ते काम होते म्हणून सोडून देऊ. पण तो कायदा बदलून आपल्या संसदेने 2024 मध्ये भारतीय वायुयान अधिनियम केला आणि तो 1 जानेवारी 2025 पासून लागूही झाला. राहिलेला अर्धा भाग त्यातही आला नाही. सहा महिन्यांच्या आत अहमदाबाद घडले.

रिक्षाने कोणाला उडवले तर त्याचे वारस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जातात, तेही आपण राहतो त्या जिल्ह्यात. चूक कोणाची हे न ठरवता मृत्यूसाठी पाच लाख मिळण्याची सोय आहे, आणि निकालाची रक्कम विमा कंपनीला थेट भरावी लागते. इतकेच नव्हे, 2021 च्या ड्रोन नियमांतल्या 44 व्या नियमाने मोटार वाहन कायद्याची तिऱ्हाईत विम्याची आणि भरपाईची व्यवस्था ड्रोनलाही लावली. सूट आहे ती फक्त पाव किलोपर्यंतच्या नॅनो ड्रोनला. आपल्याकडे द्राक्षबागेवर फवारणी करणारे ड्रोन मजुराच्या डोक्यात पडले तर त्याला कायद्याचा रस्ता आहे. दोनशे टनांचे विमान पडले तर नाही.

मुंबईचा विमानतळ कुर्ला, घाटकोपर, विलेपार्ले यांच्या दाट वस्तीत आहे, पुण्यात लोहगावच्या भोवती शहर वाढले आहे, आणि नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. इथल्या खासदारांनी हा विषय आपला मानावा. वायुयान अधिनियमात एक कलम घालावे: विमानामुळे जमिनीवर झालेल्या मृत्यूची, दुखापतीची आणि घरादाराच्या हानीची भरपाई चूक सिद्ध न करता द्यावी, दावा मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे चालावा, आणि विमा कंपनीला त्यात थेट प्रतिवादी करता यावे. ड्रोनसाठी हे एका नियमात जमले आहे. विमानासाठीही तेवढेच पुरे आहे.