फायलीतली डिस्क आणि सोसायटीचं मिनिट बुक

मागचे दोन शनिवार मी चाळीस जीबीच्या एका म्हाताऱ्या हार्ड डिस्कपायी घालवले. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय, ते आज मांडतो.

आमची सोसायटी मुलुंड पूर्वेची, आता रिडेव्हलपमेंटला निघालेली. म्हणजे जुने कागद शोधणं आलंच. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींची अडचण अशी: यजमान गेल्यावर फ्लॅट आजींच्या नावे करायचा ठराव २००४ साली कमिटीने केला, असं त्या सांगतात. शेअर सर्टिफिकेटवर मात्र अजून यजमानांचंच नाव. तो ठराव ज्या मिनिट बुकात होता, ते तळमजल्यावरच्या ऑफिसात होतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी आमच्या ऑफिसात पाणी शिरलं आणि त्या बुकाचा लगदा झाला. आता कमिटी म्हणते, "आजी, पुरावा दाखवा." आजी कुठून दाखवणार?

मग कुणाला तरी आठवलं की तेव्हाचे सेक्रेटरी मिनिट्स आधी घरच्या पीसीवर टाइप करायचे. पीसी त्यांच्या माळ्यावर सापडला. बिल्डिंगमधल्या एका हुशार मुलाने डिस्क काढून अॅडॉप्टरने लॅपटॉपला जोडली. विंडोजने लगेच विचारलं: डिस्कमध्ये गडबड दिसते, दुरुस्त करू का? पोराचं बोट 'हो'वर जाणार, इतक्यात मी ओरडलो, "थांब रे!"

दुरुस्ती म्हणजे डिस्कवर लिहिणं. जिथे एकच प्रत शिल्लक आहे, तिथे काहीही लिहायचं नाही. माझं सगळं मत एवढंच आहे. बाकीचं ते पाळायचं कसं, याबद्दल.

आधी ऑटो-माउंट बंद केलं आणि डीडी-रेस्क्यूने अख्ख्या डिस्कची एका फायलीत नक्कल उतरवली. खराब सेक्टर बरेच होते, त्यामुळे रात्र गेली. (ही फाइल फॅट-३२ पेनड्राइव्हवर मावत नाही बरं का, तिथे एका फायलीला ४ जीबीची मर्यादा.) मूळ डिस्क पाकिटात घालून, सील करून कमिटीच्या कपाटात. नकलेचा शा-२५६ हॅश काढून कागदावर लिहिला आणि खाली दोन्ही गटांच्या सह्या घेतल्या.

आता त्या फायलीला डिस्क समजून वागवायचं. लिनक्समध्ये हे काम लूप डिव्हाइस करतं. थिओडोर त्सो यांनी ते १९९३ साली लिहिलं. फ्रीबीएसडीत यासाठी एमडी-कॉन्फिग आहे, सोलारिसमध्ये लोफी-अॅडम. लिनक्समधली कमांड लो-सेटअप. तिला डॅश आर दिलं की डिव्हाइस फक्त वाचण्यापुरतं, डॅश मोठा पी दिला की आतली पार्टिशन्स आपोआप वेगळी दिसतात. पूर्वी ऑफसेट हाताने मोजून द्यावा लागे: एक्सपीच्या काळातलं पहिलं पार्टिशन बहुधा ६३व्या सेक्टरला सुरू होतं, म्हणून ६३ गुणिले ५१२, म्हणजे ३२२५६. हा आकडा मला अजून पाठ आहे!

कुणी म्हणेल, रीड-ओन्ली माउंट केलं की झालं, डॅश आर कशाला? तर एक्स्ट-थ्री, एक्स्ट-फोरसारख्या फाइल सिस्टिम रीड-ओन्ली माउंट करतानाही अर्धवट राहिलेला जर्नल पुरा करायला जातात, म्हणजेच लिहितात. डॅश आर दिलं की डिव्हाइसच लिहू देत नाही. कुलूप कडीच्या आत नको, दाराबाहेर हवं.

दुसरा प्रश्न: डबल-क्लिकने होतं ते टाइप का करा? कारण डबल-क्लिकमागे काय घडलं ते दिसत नाही. मी दिलेल्या पाच-सहा कमांड कागदावर उतरल्या. ज्यांचा माझ्यावर विश्वास नव्हता (आणि तो का असावा?) त्यांच्या भाच्याने त्याच कमांड स्वतःच्या मशीनवर चालवल्या. त्याला त्याच फायली दिसल्या. शेवटी अनमाउंट, मग लो-सेटअप डॅश डी, आणि पुन्हा हॅश. अक्षर न् अक्षर तोच. भांडणाऱ्या सोसायटीत याहून मोठी गोष्ट नाही.

आता गंमत. मिनिट्सची फाइल सापडली, पण उघडली तर नुसती चिन्हांची भेळ. युनिकोडच्या आधीचा मराठी फॉन्ट! नुसतं 'माय डॉक्युमेंट्स' कॉपी केलं असतं तर तिथेच अडकलो असतो. पण नक्कल अख्ख्या डिस्कची होती, त्यामुळे विंडोजच्या फोल्डरातून तोच फॉन्ट उचलला आणि ठराव वाचता आला. तारीख, ठराव क्रमांक, हजर असलेल्यांची नावं, सगळं.

याने आजींचं काम झालं का? लगेच नाही. वकील म्हणाले, टाइप केलेली फाइल म्हणजे सहीचं मिनिट बुक नव्हे. खरंच आहे ते. पण हजर असलेल्यांपैकी दोघे हयात आहेत, आणि नावं दिसल्यावर दोघांनीही लेखी जबाब दिले. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात, कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हॅश लिहायची जागाच आहे. आमचा कागद तिथे उपयोगी पडेल.

तुमच्या सोसायटीतही असा एखादा पीसी माळ्यावर असेल. बिल्डरचा माणूस घर रिकामं करायला यायच्या आत त्याची नक्कल काढा. आणि कुणी "दुरुस्त करू का?" विचारलं, तर आधी नाही म्हणा.

असो. या शनिवारी झोपणार आहे.