बर्फाच्या गावी डेक लाकडाचाच

टोरांटोच्या उपनगरांत घर घेतलेली मराठी कुटुंबं मागच्या अंगणात डेक बांधायचं ठरवतात, तेव्हा शेजाऱ्यापासून ठेकेदारापर्यंत अनेकांचा सल्ला एकच असतो: इथल्या थंडीत लाकूड टिकत नाही, कॉम्पोझिट घाला. सल्ला आपुलकीने दिलेला असतो, पण त्याचा पायाच चुकीचा आहे.

लाकूड कुजवते ती बुरशी. तिला ओल लागते तशी ऊबही लागते; गोठणबिंदूच्या आसपास तिचं काम जवळजवळ थांबतं. जानेवारीचा बर्फ फळीवर पडून राहिल्याने फळी कुजत नाही. धोका असतो तो वसंतात, जेव्हा वितळलेलं पाणी फटींत साचतं आणि वरून ऊन तापू लागतं. म्हणजे प्रश्न पाण्याला वाट देण्याचा आहे. नॉर्वेतलं उर्नेसचं लाकडी चर्च बाराव्या शतकातलं आहे. त्याआधीच्या चर्चचे खांब थेट जमिनीत पुरलेले असत आणि ते बुंध्याशी कुजले. पुढच्या सुतारांनी खांब दगडी पायावरच्या आडव्या तुळयांवर उभे केले, पाइनच्या लाकडाला डांबर चोपडलं, आणि तशी काही चर्च आजही उभी आहेत. आपल्या वाड्यांतले खांब तळखड्यावर उभे करणाऱ्यांना हेच ठाऊक होतं.

आता कॉम्पोझिट. ढोबळमानाने निम्मं प्लॅस्टिक, निम्मा भुसा. थंडी-उन्हाने लाकडाची फळी लांबीत फारशी हलत नाही. प्लॅस्टिक मात्र हलतं. सोळा फुटी कॉम्पोझिट फळी हिवाळ्यातल्या उणे २० अंशांपासून भर उन्हातल्या ४० अंशांपर्यंत साधारण एक सेंटिमीटर लांबते, लाकडाची जेमतेम एक-दीड मिलिमीटर. म्हणून तर कॉम्पोझिट बसवताना त्या दिवसाचं तापमान पाहून टोकांना फट सोडावी लागते. हवामानाचे हेलकावे जितके मोठे, तितकी ही अडचण मोठी. थंड प्रदेशासाठी म्हणून जो माल सुचवला जातो, तोच तापमानाने जास्त हलतो!

आणि कॉम्पोझिटच्या फळ्या बसतात कशावर? बहुतेक घरांत प्रक्रिया केलेल्या लाकडाच्या जॉइस्टवर. लाकूड टिकत नाही म्हणणाऱ्याने सगळा भार लाकडावरच टाकलेला असतो.

लाकडातल्या विषाची भीतीही घातली जाते. आर्सेनिक असलेली जुनी प्रक्रिया घरगुती वापरासाठी कॅनडा-अमेरिकेत २००४ पासून बंद झाली. आज तांब्याचे क्षार वापरतात. मात्र त्यांनी साधे खिळे गंजतात, म्हणून स्क्रू स्टेनलेस स्टीलचे किंवा जाड जस्ताचा थर दिलेले घ्यावेत.

कॉम्पोझिटला कुसळं नसतात, दर दोन-तीन वर्षांनी तेल द्यावं लागत नाही, हे खरं आहे. घरात रांगतं मूल असेल किंवा तेल देणारे हात थकलेले असतील, तर कॉम्पोझिट घेणाऱ्याला मी अडवणार नाही. पण ‘देखभाल नाही’ हा दावा मला मान्य नाही. सावलीतल्या फळीवर शेवाळ धरतं, ते घासावंच लागतं. धातूच्या फावड्याने ओरखडा उठला, तर वरचा प्लॅस्टिकचा थर रंधून काढता येत नाही. लाकडाची फळी घासता येते, उलटवता येते, एकटी बदलता येते. दहा वर्षांनी तिच्या मापाची दुसरी कोणत्याही वखारीत मिळते.

तेव्हा सीडर किंवा प्रक्रिया केलेलं पाइन घ्या. कापलेल्या प्रत्येक टोकाला संरक्षक द्रव लावा, कारण पाणी तिथूनच शिरतं. वर थर धरणारा रंग देऊ नका, त्याखाली ओल कोंडते. आत मुरणारं तेल द्या. शरद ऋतूत फटींतली पानं काढा. प्रक्रिया केलेलं पाइन घेतलंत तर बरेच पैसे वाचतील, ते पायात घाला. टोरांटोत पाया सुमारे १.२ मीटर खोल न्यावा लागतो. तो उथळ राहिला, तर गोठणारी माती त्याला वर उचलते आणि फळ्या कसल्याही असोत, डेक वाकडा होतो.