जुन्या गाडीत 'महशेव देरेख'



मागच्या अंकात आम्ही रक्तदाबाच्या घरगुती यंत्राबद्दल लिहिले, त्यावर अश्दोदहून एका काकांचा फोन आला. म्हणाले, "सिस्टर, माझ्या दाबाचे राहू द्या. माझी गाडी वीस वर्षांची झाली, नातू म्हणतो तिला कॉम्प्युटर बसवून देतो. बसवू का?" दोन दिवसांनी दिमोनाहून तोच प्रश्न आला. तेव्हा या खेपेला माणसाऐवजी गाडी.

आम्ही मेकॅनिक नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण रात्रपाळीला तीस वर्षे स्वतः गाडी चालवत गेलो. आमच्या 2002 सालच्या पेट्रोल गाडीला भाच्याने असे यंत्र लावून दिले, तेव्हा आम्ही वही घेऊन शेजारीच बसलो होतो.

इथे याला 'महशेव देरेख' म्हणतात, म्हणजे वाटेचा कॉम्प्युटर. पेट्रोल किती खाल्ले, टाकीत उरले त्यात किती किलोमीटर जाता येईल, सरासरी वेग किती, असे तो सांगतो. नव्या गाडीत तो कारखान्यातूनच येतो. जुन्या गाडीत बसवायचा तर पहिला प्रश्न एकच: गाडी कोणत्या सालची?

मुलांनो, याचे कारण नीट समजून घ्या. इंजेक्शनच्या इंजिनाला आपला एक कॉम्प्युटर आधीपासूनच असतो. किती हवा आत आली, पाणी किती तापले, वेग किती, हे त्याला दर क्षणी कळत असते. फक्त तो ते आपल्याला सांगत नाही. त्याच्याशी बोलायला स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या आसपास, 16 पिनांचे एक सॉकेट असते, त्याला ओबीडी म्हणतात. अमेरिकेत 1996 पासून सगळ्या नव्या मोटारींना ते सक्तीचे झाले, युरोपात पेट्रोलच्या नव्या गाड्यांना 2001 पासून आणि डिझेलच्या मोटारींना 2004 पासून. तुमची युरोपीय गाडी त्यानंतरची असेल तर काडेपेटीएवढे यंत्र त्या सॉकेटात खोचायचे, फोनवर किंवा छोट्या पडद्यावर आकडे दिसू लागतात. एकही वायर कापावी लागत नाही. नातवाला एवढेच करायचे असेल तर खुशाल करू द्या.

दुसरी तऱ्हा म्हणजे कारखान्याचाच महशेव मागाहून बसवणे. पहिल्या ऑक्टेव्हियात किंवा चौथ्या पिढीच्या गोल्फमध्ये हे जमते. पण त्याला वायपरची बटणवाली दांडी लागते, पुढच्या बंपरमागे बाहेरच्या हवेचा सेन्सर लागतो, कधी अख्खे मीटरच बदलावे लागते, आणि शेवटी लॅपटॉप जोडून गाडीला सांगावे लागते की बाई, आता तुझ्याकडे हे आहे. दांडी बदलायला स्टिअरिंग काढावे लागते, आणि स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असते. ती फुटते ती स्फोटानेच. हे काम अंगणात, यूट्यूब बघत करायचे नाही. मुसाखमध्ये, जाणत्या माणसाकडून, बॅटरी सोडवून.

मीटरबद्दलही सावध राहा. त्या काळच्या या गाड्यांत किल्ली ओळखण्याची सोय मीटरमध्येच असते. आमच्या शेजाऱ्यांनी भंगारातून स्वस्तात मीटर आणले, बसवले, आणि गाडी सुरूच होईना. वर त्यात दुसऱ्याच गाडीचे किलोमीटर! उद्या गाडी विकायची झाली तर काय सांगणार? शिवाय आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत विमावाल्यांसाठी कोदानीत, ती आकडे दाबायची पेटी, मागाहून बसवलेली असते. तिच्या वायरी डॅशबोर्डमागे कोणी कुठून नेल्या ते नकाशात सापडत नाही. उगाच चिमटा चालवू नये.

आता कार्बोरेटरवाल्या गाड्या. आमच्या पिढीला आठवत असेल, एके काळी इथे जिकडेतिकडे सुबारू दिसायची, कारण बाकीच्या बहुतेक जपानी कंपन्या अरब बहिष्काराच्या धाकाने इथे माल पाठवत नव्हत्या. आमच्या दिरांनी अशी एक अजून जिवापाड जपली आहे. तिला महशेव बसवावा असे त्यांच्या मनात होते. पण कार्बोरेटरला विचारणार काय? त्याला ना कॉम्प्युटर, ना सॉकेट. मग पेट्रोलची नळी कापून मध्ये प्रवाह मोजायचे मीटर घालायचे, जादा पेट्रोल टाकीकडे परत नेणारी नळी असेल तर तिथे दुसरे मीटर घालून ते वजा करायचे, आणि वेगासाठी स्पीडोमीटरच्या केबलला सेन्सर लावायचा. होते, होत नाही असे नाही. पण तापलेल्या इंजिनाशेजारी पेट्रोलच्या नळीला दोन-चार नवे सांधे! आम्ही जळिताच्या वॉर्डात काम केले आहे. आम्ही दिरांना स्पष्ट सांगितले, "भाऊजी, तुमच्या हिशेबाला वही पुरे." ते चार दिवस रुसले, पण वही घातली.

आता आकडे कितपत खरे? आमच्या खोचायच्या यंत्राचा हिशेब असा: पेट्रोल नीट जळायला वजनाने सुमारे 14.7 पट हवा लागते. इंजिनात सेकंदाला 10 ग्रॅम हवा गेली तर पेट्रोल 0.68 ग्रॅम, तासाला सुमारे 2,450 ग्रॅम. एका लिटरचे वजन साधारण 740 ग्रॅम धरले तर तासाला 3.3 लिटर. गाडी तेव्हा ताशी 60 च्या वेगाने चालली असेल तर 100 किलोमीटरला साडेपाच लिटर. म्हणजे पेट्रोल कोणी मोजलेच नाही, हवेवरून ताडले. डिझेलमध्ये हवा आणि इंधनाचे हे प्रमाण कायम राहत नाही, म्हणून तिथे अशा यंत्राचा अंदाज फार चुकतो.

म्हणून पडताळा घ्यायचा. टाकी काठोकाठ भरा, किलोमीटर लिहा, आठवडाभर फिरा, त्याच पंपावर पुन्हा तशीच भरा. आमचे 430 किलोमीटर झाले आणि 36 लिटर बसले, म्हणजे शंभराला सुमारे 8.4. यंत्र म्हणत होते 7.8. भाच्याने सेटिंगमध्ये फरक घातला, आता जुळते. हा भागाकार आम्ही पंपावर उभ्या उभ्या तोंडी केला. मुंबईला एली कदूरी शाळेत पाठ केलेली पावकी-निमकी अजून उपयोगी पडते, भाचा मात्र फोन शोधत होता.

पण पेट्रोलचे चार शेकेल वाचवण्यासाठी हे यंत्र घ्या असे आम्ही सांगत नाही. ते घ्यावे ते पाण्याच्या तापमानासाठी. बऱ्याच गाड्यांत तापमानाचा काटा मुद्दाम असा केलेला असतो की पाणी साधारण 75 डिग्री असो की 105, तो मधोमध उभा राहतो, म्हणजे चालवणारा घाबरत नाही. गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही मृत समुद्राहून अरादकडे वर येत होतो. तो चढ जवळजवळ 1,000 मीटरचा, दुपारची वेळ, एसी चालू, मागे दोन नाती. काटा मधोमध. पडद्यावर मात्र 98, मग 102, मग 106. आम्ही एसी बंद केला, हीटर पूर्ण सोडला (मुली ओरडल्या, ओरडू दिल्या) आणि रुंद जागा बघून गाडी कडेला घेतली. रेडिएटरचा पंखा फिरतच नव्हता. यंत्र नसते तर वाफ निघाल्यावरच कळले असते, तेही वळणावर. अशा वेळी रेडिएटरचे झाकण उघडायचे नाही, हे मुलांनीसुद्धा ध्यानात ठेवावे. आतले पाणी दाबाखाली असते, झाकण फिरवले की तोंडावर येते. आम्ही अशी तोंडे धुतली आहेत. किमान अर्धा तास थांबा, नाहीतर टो मागवा.

हेच यंत्र इंजिनाचा पिवळा दिवा का लागला तेही सांगते. पी 0301 म्हणजे पहिल्या सिलिंडरचा ठोका चुकतो, पी 0420 म्हणजे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिस्ट कमी पडतो. पण ताप हा काही रोग नव्हे. पी 0420 बघून हजारो शेकेलचा कॅटॅलिस्ट बदलणारे आहेत, आणि निघतो कधी नुसता सेन्सर बिघडलेला, कधी सायलेन्सरच्या नळीला भोक. कोड कागदावर लिहून मुसाखवाल्यापुढे ठेवा आणि विचारा, "कशावरून?" मनाने पुसू नका. पुसल्याने दिवा विझतो, दुखणे नाही.

दोन गोष्टी राहिल्या. त्या सॉकेटच्या 16 व्या पिनेत गाडी बंद असतानाही वीज असते. मुलाकडे तीन आठवडे राहायला जाणार असाल तर यंत्र काढून ठेवा, नाहीतर परत येऊन बॅटरी मेलेली. आणि पडदा काचेच्या मध्यावर लावू नका. मोतीबिंदूच्या डोळ्यांना रात्री त्याचा उजेड त्रास देतो, आणि दुहेरी चष्म्यातून आकडा वाचायला मान वर करावी लागते, तेवढ्यात पुढचा ब्रेक मारतो. खाली, बाजूला, उजेड मंद. चालवताना तापमान सोडून काही बघायचे नाही, बाकीचे गाडी उभी करून.

तर अश्दोदच्या काकांना आमचे उत्तर: खोचायचे यंत्र बसवा. मीटर काढायचे नातवाच्या मनात असेल तर त्याला आधी आमच्याशी बोलायला लावा.

मुलांसाठी हिशेब: महशेव म्हणतो, 100 किलोमीटरला 6.4 लिटर. टाकीत 16 लिटर आहेत. बेरशेबा ते एलात सुमारे 240 किलोमीटर. गाडी पोहोचेल का? आणि पोहोचत असली तरी तुम्ही पेट्रोल न भरता निघाल का? फोन न वापरता करा, आजीला विचारले तर चालेल. उत्तर पुढच्या अंकात.