सही करण्याआधी विचारा!

दोस्तांनो, शिरोड्याच्या मिठागरांवर मे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला, हे तुम्हाला ठाऊक आहेच. ज्या गांधीजींच्या हाकेवर तो झाला, ते त्याआधी सहा वर्षं पुण्यात मरणाच्या दारातून परत आले होते.

जानेवारी १९२४. येरवडा तुरुंगात गांधीजींच्या पोटात दुखू लागलं. अपेंडिक्स, म्हणजे मोठ्या आतड्याला चिकटलेली बोटाएवढी शेपटी, सुजली होती. ती फुटली तर पू पोटभर पसरतो. १२ तारखेला त्यांना ससून रुग्णालयात हलवलं. मुंबईच्या ओळखीच्या डॉक्टरांची वाट पाहण्याइतका वेळ नव्हता. सर्जन कर्नल मॅडॉक म्हणाले, ऑपरेशन आज रात्रीच हवं.

आता पेच बघा! रुग्ण सरकारचा कैदी आणि सर्जनही सरकारचाच. काही बरंवाईट झालं असतं तर देश पेटला असता. म्हणून श्रीनिवास शास्त्रींना बोलावून निवेदन तयार केलं. ऑपरेशनला आपली संमती आहे आणि डॉक्टरांवर विश्वास आहे, अशा त्या कागदावर गांधीजींनी थरथरत्या हाताने सही केली.

ऑपरेशन चालू असतानाच वीज गेली. मग टॉर्चही विझला. शेवटी कंदिलाच्या उजेडात काम पुरं झालं! ऑपरेशन यशस्वी झालं, पण पुढे जखमेजवळ गळू झालं आणि बरं व्हायला वेळ लागला. तेव्हा पेनिसिलिनचा शोधही लागला नव्हता.

म्हणजे काय, ऑपरेशन करण्यात धोका असतो आणि न करण्यातही असतो. दोन्ही पारडी पाहूनच ठरवायचं.

आपल्याकडे कुणी सावंतवाडीला किंवा बांबोळीला ऑपरेशनला निघालं, की घरचे म्हणतात, "डॉक्टरांका कसा इचारूचा?" आणि कागद न वाचताच सही होते. अहो, विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे! ऑपरेशन कशासाठी, दुसरा उपाय कोणता, धोके कोणते, हे रुग्णाला सांगून मगच संमती घ्यायची, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केलं आहे. ऑपरेशन नाही केलं तर काय होईल, हेही विचारा. नेहमी होणारा त्रास कोणता आणि क्वचित होणारा कोणता, हे वेगवेगळं समजून घ्या.

तुमच्या कागदावर सही सहसा आईबाबा करतात, पण प्रश्न तुम्हीही विचारू शकता. आणि डॉक्टरांना खरं सांगणं हे तुमचं काम. एखादं औषध सोसत नाही? सांगा. उपाशी राहायला सांगितलं असताना गुपचूप बिस्कीट खाल्लं? तेही सांगा, कुणी रागावलं तरी! भूल दिल्यावर पोटातलं अन्न वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. ते जिवावर बेतू शकतं.

भीती वाटणारच, त्यात लाज कसली? मनातले प्रश्न वहीत लिहून न्या. उत्तर कळलं नाही, तर पुन्हा विचारा. विचाराल ना?