सोवळे पात्यात नसते

हैदराबादेच्या बरकतपुऱ्यात श्रीराघवेंद्रस्वामींचा मठ आहे. गुरुवारी त्या वाटेने जाणाऱ्यास दर्शनार्थींची गर्दी भेटते, आणि भोवतालच्या घरांतून मराठी, कन्नड व तेलुगू या तिन्ही भाषा एकाच वेळी कानी पडतात. श्रावण वद्य द्वितीयेच्या सुमारास आराधनेचे तीन दिवस आले म्हणजे या घरांची स्वयंपाकघरेही पहाटेपासून जागी होतात. अशाच एका घरी आराधनेच्या दिवसांत आम्ही बाहेरच्या खोलीत बसलो असता आतले बोलणे कानी आले : “अगं, नैवेद्याच्या केळ्यांना ते प्लॅस्टिकचे खेळणे नको लावूस. विळी घे.” खेळणे म्हणजे हातात धरून भाजीचे काप काढण्याचा स्लायसर. सुनेने तो निमूटपणे बाजूस ठेवला, विळी ओट्यावर मांडली आणि उभ्यानेच कच्ची केळी चिरावयास घेतली. विळीचा पाट प्रत्येक कापासरशी डुगडुगत होता. ते पाहून जे मनात आले ते वाचकांपुढे ठेवणे आम्हांस आवश्यक वाटते.

आमचे म्हणणे दोनच वाक्यांचे आहे. सोवळ्याच्या स्वयंपाकात स्लायसरला मज्जाव करण्यास धर्माचा कोणताही आधार नाही. आणि बोटांच्या रक्षणासाठी त्याच्याबरोबर येणारी मूठ अडगळीत टाकून तो वापरण्यास बुद्धीचा आधार नाही. पहिली चूक बहुधा वडीलधारी माणसे करतात, दुसरी तरुण मंडळी करतात. रक्त मात्र दोन्ही वेळा चिरणारीचेच सांडते.

ज्या विळीच्या कैवारासाठी हा मज्जाव आहे, ती विळी म्हणजे तरी काय, याचा आधी विचार करू. कोकणीत तिला आदोळी म्हणतात, मालवणीत आडाळो, कन्नडात ईळिगे मणे, तेलुगूत कत्तिपीट आणि बंगालीत बोटी. नावे अनेक, पण तत्त्व एकच. चाकूत भाजी स्थिर असते व पाते हलते. विळीत पाते स्थिर असते व भाजी हलते. आता स्लायसरकडे पाहा. सपाट पट्टीच्या मध्यभागी आडवे अथवा तिरपे पाते बसविलेले असते. पात्याच्या अलीकडची पट्टी पलीकडच्या भागापेक्षा किंचित खाली असते, आणि जेवढे हे अंतर तेवढीच कापाची जाडी. येथेही पाते हलत नाही, भाजीच त्यावरून पुढे सरकते. अर्थात हे साधन चाकूच्या कुळातले नव्हे, विळीच्या कुळातले आहे. जी सासू सुनेच्या हातातला स्लायसर काढून विळी देते, ती धाकट्या बहिणीला हाकलून थोरलीला पाट देते, इतकेच.

थोरलीचा मान आम्ही जाणतो. परंतु तिचा मान तिच्या जागी आहे. विळी जमिनीवरच्या स्वयंपाकासाठी घडली. तिच्या पाटावर चिरणारीचा पाय असतो आणि त्या पायाच्या भारानेच ती स्थिर राहते. बरकतपुऱ्यात जुनी बैठी घरे व बंगले जाऊन सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांच्याबरोबर चूल जमिनीवरून ओट्यावर चढली आणि बाई उभी राहिली. विळी तेवढी पायाविना ओट्यावर आली. ज्या विळीवर पाय नाही ती विळी परंपरा नव्हे, अपघाताची तयारी आहे. ओट्याच्या कडेला घट्ट आवळता येणारी विळी मिळते, ती वापरावी. जिचे गुडघे साथ देतात तिने खुशाल खाली बसावे. पण जिला उभ्यानेच रांधावयाचे आहे तिला पायाविना विळी देऊन वर सोवळ्याची आण घालणे हा धर्म नव्हे.

कोणी म्हणतील, ही नवी, परकी वस्तू. देवाच्या अन्नाला ती कशाला? या आक्षेपकांनी आपल्या उपवासाच्या ताटाकडे एकवार पाहावे. बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि ज्या कंदापासून आजचा साबुदाणा होतो तो टॅपिओका, या चारांचेही मूळ अमेरिका खंडात आहे. १४९२ साली कोलंबस त्या किनाऱ्याला लागला, त्यापूर्वी यांपैकी एकही वस्तू आपल्या स्वयंपाकघरात नव्हती. ‘बटाटा’ हा शब्दच पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आला, हे गोमंतकीय वाचकांस सांगावयास नको. ज्या घरांत व मठांत हे कंद आजही वर्ज्य आहेत तेथील विचार निदान सुसंगत आहे, आणि त्यापुढे आम्ही नम्र आहोत. पण ज्या घरी एकादशीला परदेशी बटाटा देवापुढे चालतो, त्या घरी बटाटा चिरणारे पातेच तेवढे परके कसे ठरते?

दुसरा आक्षेप प्लॅस्टिकचा. तो अगदीच टाकाऊ नाही, कारण प्लॅस्टिकला वास व डाग लागतात आणि त्याच्या सांधीत अन्नाचे कण अडकून राहतात. पण मग मिक्सरचे झाकण कशाचे आहे? दुधाची पिशवी कशाची आहे? सोवळे म्हणजे स्वच्छता, खरकट्यापासून दूर राहणे आणि मनाचे सावधपण. नैवेद्यासाठी निराळा स्लायसर ठेवावा, तो वाहत्या पाण्याखाली ब्रशाने धुवावा, कोरडा करावा, खरकट्या हाताने त्यास शिवू नये. एवढ्यावरही मन मानत नसेल तर संपूर्ण स्टीलचा स्लायसर बाजारात मिळतो. सिरॅमिकच्या पात्याचेही मिळतात. ते पाते गंजत नाही आणि आंबट फळभाजीने काळे पडत नाही. मात्र ते ठिसूळ असते, खाली पडल्यास त्याचा टवका उडतो, आणि घरच्या दगडावर त्याला धार लावता येत नाही.

तिसरा आक्षेप मात्र आम्ही आदराने ऐकतो. स्लायसर आला की हाताची कला जाईल, असे अनेक वृद्ध स्त्रिया म्हणतात. त्यांचे भय खोटे नाही. शेवग्याच्या शेंगा, पालेभाजी, फणसाची कुयरी स्लायसरवर चिरता येत नाही. नारळ खवण्यास विळीचे दातेरी टोकच हवे. नीरफणसाची कापां करावयाची तर ती चांगली जाड हवीत आणि स्लायसर तर पातळपणासाठीच जन्मला आहे. म्हणून विळी घरात राहिलीच पाहिजे आणि ती मुलींइतकीच मुलांनाही शिकविली पाहिजे. पण उन्हाळ्यात गच्चीवर बटाट्याचे वेफर्स वाळत घालावयाचे असतात तेव्हा काय? तेथे सारे काप एका जाडीचे नसले तर पातळ काप कडकडीत वाळतात, जाड काप आतून ओलसर राहतात, आणि डब्यात गेल्यावर त्या ओलाव्यानेच बुरशी धरते. शेकडो काप एकसारखे काढणे हे कलेचे काम नव्हे, यंत्राचे आहे. कलेला हमालीतून सोडविणे म्हणजे कलेचा नाश करणे नव्हे.

आता तरुण मंडळींकडे वळतो, कारण एकाच पक्षाला बोल लावून मोकळे होणे आम्हांस मान्य नाही. स्लायसरच्या खोक्यात काटे असलेली एक मूठ असते. भाजीचा तुकडा त्या काट्यांवर रोवावयाचा आणि मूठ धरून तो पात्यावरून सरकवावयाचा, अशी ही योजना आहे. किती घरांत ही मूठ वापरात आहे? खोके फोडले त्या दिवशीच ती खणात जाते, कारण तिने काम सावकाश होते आणि शेवटचा तुकडा वाया जातो. त्या दोन बोटे उरलेल्या तुकड्याच्या लोभापायीच बोट जाते. विळीवर भाजी दिसते आणि पातेही दिसते. स्लायसरवर पाते भाजीखाली झाकलेले असते, आणि भाजी संपल्याचे हाताला कळते तेव्हा उशीर झालेला असतो. ही जखम चिरेसारखी नसते; बोटाच्या टोकाची चकतीच उडते आणि टाके घालण्यास कातडीही उरत नाही. असे झाल्यास हळदीचा डबा शोधीत बसू नये. स्वच्छ फडके घट्ट दाबून धरावे, हात उंच ठेवावा, वैद्यकीय मदत घ्यावी व धनुर्वाताच्या लसीविषयी विचारावे.

त्याहून बरे म्हणजे तशी वेळच येऊ देऊ नये. भाजीची एक बाजू आधी चाकूने सपाट करून घ्यावी, म्हणजे ती पट्टीवर गडगडत नाही. मूठ सदैव वापरावी. तुकडा लहान झाला की थांबावे आणि उरलेले विळीवर अथवा चाकूने चिरावे. थोरल्या बहिणीने धाकटीचे काम असे पुरे करावे. बोलता बोलता, अथवा फोन कानाशी धरून, स्लायसर चालवू नये. काम संपताच पाते झाकून तो मुलांच्या हाताबाहेर ठेवावा.

आणि येथे दोन्ही पक्षांस आमचे एकच निर्वाणीचे सांगणे आहे. ज्या अन्नात रक्ताचा थेंब पडला ते नैवेद्यास चालत नाही, हे सांगण्यास शास्त्रीबोवांना बोलवावे लागत नाही. मग सोवळ्याचा खरा रक्षक कोण? स्लायसरला उंबऱ्याबाहेर ठेवणारा की त्याची मूठ खणातून काढून सुनेच्या हाती देणारा? जो सोवळ्याचा आग्रह धरतो त्याने प्रथम त्या मुठीचा आग्रह धरला पाहिजे.

एवढ्याने आमचे समाधान होईल असे मात्र नाही. त्या दिवशी आम्ही बाहेर बसलो होतो, घरधनी बाहेर बसले होते, त्यांचे दोन तरुण मुलगेही बाहेरच होते. विळी की स्लायसर या वादात मत सर्वांस होते. हात कोणाचाही चालत नव्हता. बाहेर बसून साधनाचे सोवळे ठरविणे फार सोपे आहे. पुढच्या आराधनेस बरकतपुऱ्यातल्या, आणि गोव्या-मुंबईच्याही, घरातील पुरुषांनी स्नान करून, सोवळे नेसून, ती मूठ हातात घ्यावी आणि चार केळ्यांचे काप काढावेत. साधन योग्य की अयोग्य याचा निर्णय मग त्यांनी खुशाल द्यावा. आम्हीही त्या पंक्तीत बसू. कारण त्या दिवशी बाहेर बसून राहिलेल्यांत आम्हीही होतो.